राखून ठेवलेलं पाऊल

मित्रांनो, वर्षभरातच जुना झालेला मी एक कॅमेरा आहे. कारखान्यात मला डोळा दिला, कान दिले, तोंड तेवढं द्यायचं राहिलं.

एका आईची बाळंतपणाची रजा संपली आणि तिने मला घरी आणलं. बाळाला सांभाळायला मावशी यायच्या. त्यांना कळू नये म्हणून मला कपाटावर, कापडी अस्वलामागे बसवलं. आई ऑफिसातून फोनवर सगळं बघायची. "हा आहे म्हणून मी निर्धास्त," असं मैत्रिणींना सांगायची. मीही तेव्हा फुशारून जायचो.

मावशी भाबड्या. खोलीत आपण आणि बाळ, तिसरं कोणी नाही, असंच धरून चालायच्या. बेसूर गायच्या, बाळासाठी घोडा व्हायच्या, बाळाने अंगावर दूध ओकलं की तिथेच कपडे बदलायच्या. मला डोळा मिटता येत नाही हो.

एका दुपारी बाळ खुर्ची सोडून चक्क दोन पावलं चाललं. मावशींनी त्याला कडकडून मिठी मारली. मग कानाशी लागून म्हणाल्या, "आईला सांगायचं नाही हं."

संध्याकाळी त्यांनी आईला सांगितलं, आज विशेष काही नाही, पण बाळ आता कधीही चालायला लागेल, सुट्टीच्या दिवशी लक्ष ठेवा. आईने तर फोनवर सगळं पाहिलेलं.

"तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, मावशी. आणखी काय काय लपवलंत?"

"लपवलं नाही, ताई. तुमच्यासाठी राखून ठेवलं. पहिलं पाऊल आईनेच बघावं. मी कुठल्याच घरी सांगत नाही." मग त्या थबकल्या. "पण तुम्हाला कसं कळलं?"

आईने अस्वल बाजूला केलं. मावशींनी मला पाहिलं आणि दोन्ही हात छातीशी धरले.

"ताई, मी इथे कपडे बदलायचे."

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. आईने फोन केले, माफी मागितली, काही उपयोग झाला नाही. सुट्टीच्या दिवशी बाळ आईसमोर चाललं. आई हसली खरी, पण ते तिचं आधीच बघून झालं होतं.

आता दुसऱ्या बाई येतात. त्यांना माझ्याविषयी पहिल्याच दिवशी बजावलंय. वेळेवर भरवतात, वेळेवर झोपवतात, नाव ठेवायला जागा नाही. घोडा मात्र होत नाहीत.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. बाळाला जपणाऱ्या माणसाला जपा. आमच्या घरी ती वेळ निघून गेली. परवा बाळ धपकन पडलं. बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाळाकडे.