लाल चौकटीतली सासू

आमच्या जावयाला माणसाकडे सरळ बघायची सवय नाही. मी मटार सोलायला बसले काय, कमरेवर हात ठेवून उभी राहिले काय, हे स्वयंपाकघराच्या दारात एक डोळा मिटून उभे. हातात झाडूचा दांडा, त्यावर चिकटपट्टीने बांधलेली काळी नळी.

ती म्हणे फौजेच्या बंदुकीवर बसवायची नवी दुर्बीण. बंदूक घरी आणता येत नाही, म्हणून झाडू. शत्रू दिसला की ती आपणहून त्याच्याभोवती लाल चौकट काढते आणि टुकटुक वाजते. चाचणीत पास झाली तर जावयाची नोकरी शाबूत, नाहीतर कंपनी त्यांचा विभागच बंद करणार. लेक मला बजावायची, "आई, त्यांना काही बोलू नकोस." मी तोंडाला कुलूप लावलं. मला ते किती जड गेलं असेल ते शेजारणींना विचारा.

चाचणी झाली त्या संध्याकाळी जावई तोंड पाडूनच घरात शिरले.

"काय झालं?" लेकीने विचारलं.

"मैदानात पेंढ्याचे शत्रू उभे केले होते. दुर्बिणीने एकाकडेही ढुंकून पाहिलं नाही. फौजेचे मोठे साहेब बाजूला कमरेवर हात ठेवून उभे होते, त्यांच्याभोवती चौकट. ते खुर्चीमागे लपले तरी टुकटुक चालूच. शेवटी रांगत तंबूत गेले."

"अहो, बंदूक रिकामी होती ना?"

"रिकामीच. साहेबांना कोण पटवणार?"

"पण साहेबच का?" मी विचारलं.

जावई ताटाशी बोलावं तसे बोलले. "दुर्बिणीला आधी शत्रू दाखवून शिकवावं लागतं, आई. पेंढ्याचा माणूस घरी आणायचा तर कंडक्टर त्याला बसमध्ये घेईना. घरात दिवसभर दिसणार तुम्हीच. मग तुमच्यावर नळी धरून मी 'शत्रू'चं बटण दाबत गेलो. साहेबांची उभं राहायची ढब अगदी तुमच्यासारखी आहे."

लेकीने तोंडावर हात दाबला, पण खांदे हलतच होते.

"साहेबांनी आणखी एक संधी दिलीय," जावई म्हणाले. "म्हणाले, आधी त्या बाईंना आपल्या माणसांत घाला. तेव्हा उद्यापासून पुन्हा नळीसमोर बसाल का?"

लेकीकडे बघून मी हो म्हणाले. पण सोडलं नाही.

"जावईबापू, फौजेचा साहेब आणि मी एकाच तोलाचे, हे त्या नळीला न सांगता कळलं. ती पास. तुम्ही मात्र या घरात अजून बालवर्गातच आहात."