पाणी ठेवावं की सोडावं

ताईच्या खाचरात भात असं कधी पिकलंच नव्हतं. दाणा टपोरा, कुठे रोग नाही, पोचट लोंबी शोधूनही सापडायची नाही. आणि धाकटा भाऊ, माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला असलेला, दारात चप्पलही न काढता सांगत होता, "ताई, हे तांदूळ खाऊ नका."

"पुन्हा?" ताईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

गेल्या हंगामात त्यानं सहज म्हणून मूठभर तांदूळ तपासले, तर त्यात कॅडमियम निघालं. खाचराला पाणी देणाऱ्या पाटाच्या वरच्या अंगाला पूर्वी जुन्या बॅटऱ्या वितळवायचा कारखाना होता. तो कधीच बंद पडला, पण विष मातीत मुरून बसलं होतं. हाडं पोखरणारं, मूत्रपिंडं निकामी करणारं. उपायही भावानंच सांगितला होता: भात निसवून लोंब्या बाहेर पडल्यापासून खाचर कोरडं पडू द्यायचं नाही, म्हणजे हा धातू चिखलातच अडकून राहतो. मग ताईनं डोळ्यांत तेल घालून पाणी राखलं. खेकड्यांनी बांधाला भोकं पाडली की गुडघाभर चिखलात उतरून बुजवली. नवरा चेष्टा करायचा, "भात लावलंयस की मासे पाळलेस?"

"कॅडमियम उतरलंय," भाऊ म्हणाला. "चांगलं उतरलंय. पण आर्सेनिक वाढलंय."

"आता हे कोण आणखी?"

"तेही विषच, तिथलंच. पण त्याचं सगळं उलटं. पाणी साचलं की ते मोकळं होतं आणि मुळांत शिरतं."

"म्हणजे पाणी ठेवलं तर हे, सोडलं तर ते?"

"हो."

"मग करू काय, सांग की!"

भावानं डोकं खाजवलं. "काही दिवस ठेवायचं, काही दिवस सोडायचं. पण नेमकं केव्हा, ते या मातीत मलाही अजून उमगलेलं नाही."

आत पोटुशी सून नुकतीच जेवायला बसली होती. ताईनं धावत जाऊन तिच्यासमोरची थाळी उचलली. उचलली खरी, पण ठेवायची कुठे? कोंबड्यांना घालावी तर अंडी घरातच खायची. सून बिचारी हातातला घास घेऊन बघत राहिली. "आई, मी काय केलं?"

"तू नाही गं, बाई," ताई म्हणाली. मग कोणी केलं, ते काही तिला सांगता येईना.

"रोगट असतं तर पटलं तरी असतं," नवरा कुरकुरला. "गिरणीवाल्याला देऊन टाकू. दहा शेतांच्या भातात मिसळून जाईल."

"का, तो ज्यांना विकतो त्यांच्या घरी सुना नाहीत?"

भात पोत्यांतच पडून राहिलं. जाळावं तर धूर होणार, पुरावं तर परत त्याच मातीत. भाऊ वरिष्ठांना विचारून आला, तर त्यांच्यातच दोन मतं.

पुढच्या हंगामात ताईनं खाचरात भात लावलंच नाही. घरापुरते तांदूळ दुसरीकडून आणले. सुनेला मुलगी झाली, अंगानं गुटगुटीत. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, तरी ताई तिची इवली बोटं पुन्हा पुन्हा चाचपून बघायची. काय शोधतेय, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

बांधावरून जाणारे विचारतात, "एवढी सोन्यासारखी जमीन, पडीक का हो ठेवलीत?" ताई सांगायला लागते, पाण्यापासून सुरुवात करते, आणि मधेच कुठेतरी तिचं तिलाच कळेनासं होतं.