पहिल्या बाकावरचा आवाज

रत्नमालाबाईंनी लॅपटॉपवरची दोन बटणं एकदम दाबली आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एक छोटा माइक उमटला. जयपूरच्या त्या शाळेतला चौथी ‘ब’चा अख्खा वर्ग बाकांवर पुढे सरकला.

“आज तुम बोलोगे और ये लिखेगा,” बाई म्हणाल्या.

तेच वाक्य लगेच पडद्यावर हिंदीत आलं. सदतीस मुलं एकदम ओरडली. त्या गोंगाटातून लॅपटॉपने ‘समोसा’ एवढा एकच शब्द वेचून लिहिला, तेव्हा तर मुलांना हसू आवरेना. बाईंनी ते हसू नुसतं पाहिलं. त्यांच्या कानांपर्यंत पोचली ती पंख्याची घरघर.

आठच दिवसांपूर्वी शाळेतल्या संगणकाच्या शिक्षकांनी, निमिष सरांनी, सगळ्या शिक्षकांना बसवून लॅपटॉपमध्ये आधीपासूनच असलेल्या सोयी दाखवल्या होत्या. अक्षरं मोठी करणारं भिंग, धडा वाचून दाखवणारा आवाज, आपण बोलू ते लिहून घेणारा माइक. वेगळं काही विकत आणायला नको. निमिष सर बोलत गेले आणि त्यांचे शब्द ओळीने पडद्यावर येत गेले, तेव्हा रत्नमालाबाईंचं पेन वहीवर थांबलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कुणाचं तरी बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत कळलं होतं.

“मुलांचं शुद्धलेखन सुधारेल यानं,” नंतर त्या निमिष सरांना म्हणाल्या.

कान कधीपासून गेले ते त्यांना नेमकं सांगता आलं नसतं. आधी मोबाइलची रिंग ऐकू येईनाशी झाली, मग सकाळच्या चिमण्या, मग बारीक आवाजाची माणसं. घरी नवऱ्याचा, श्रीपादरावांचा, आवाज मूळचाच मोठा, त्यामुळे तिथे निभावून जात होतं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ऐकू न येणाऱ्या बाईंना वर्ग कोण देणार, या भीतीने त्यांनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. मुलांचे ओठ पाहून आणि अंदाजाने त्या शिकवत राहिल्या.

आज पाण्याचा धडा होता. मागच्याच आठवड्यात सगळा वर्ग सहलीला कानोत्याच्या बंधाऱ्यावर जाऊन आला होता.

“कानोता में इस बार पानी कम क्यों दिखा?” बाईंनी विचारलं आणि फळा पुसायला त्या वळल्या.

फळा पुसून त्यांनी मागे पाहिलं, तर पडद्यावर एक ओळ आली होती. ‘थोड़ा भाप बनकर उड़ गया और थोड़ा ज़मीन ने पी लिया’.

बाईंनी ती दोनदा वाचली. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात असं उत्तर त्यांना कधी मिळालं नव्हतं.

“ये किसने कहा?”

बरीच बोटं पहिल्या बाकाकडे वळली. तिथे प्रणाली बसली होती. लहानखुरी, तेल लावून चापून घातलेल्या दोन वेण्या. वडील, हणमंत, लष्करात हवालदार. जूनमध्ये बदली होऊन ते कुटुंब साताऱ्याकडून जयपूरला आलं होतं. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात तिच्या नावापुढे बाईंनीच लाल शाईने लिहिलं होतं, ‘कक्षा में बिल्कुल नहीं बोलती।’

“तुमने कहा?”

प्रणालीचे ओठ जेमतेम हलले. पडद्यावर आलं, ‘जी मैम’.

मग तिच्या शेजारी बसणाऱ्या चंचलने काहीतरी म्हटलं. काय म्हटलं ते बाईंना कळलं नाही. पण लॅपटॉपने ते सगळ्या वर्गासमोर ठळक अक्षरांत लिहिलं. ‘मैम ये तो रोज़ बोलती है आप सुनते नहीं हो’.

बाईंचा हात माइक बंद करायच्या बटणाकडे गेला. तो तिथेच जरा वेळ थांबला आणि त्यांनी मागे घेतला. लॅपटॉप उचलून त्यांनी पहिल्या बाकावर, प्रणालीसमोर ठेवला आणि तिला पुढचा प्रश्न विचारला. तिने उत्तर दिलं. बाईंनी आणखी एक विचारला. तास संपेपर्यंत त्या विचारत राहिल्या आणि पडदा भरत गेला. एकही उत्तर चुकलं नाही.

मधल्या सुट्टीत त्या संगणकाच्या खोलीत गेल्या. निमिष सर डबा खात होते. ते जयपुरातच वाढलेले, घरी मराठी बोलणारे.

“ते शुद्धलेखनासाठी नव्हतं,” बाई म्हणाल्या. “माझ्यासाठी होतं. मला ऐकू येत नाही, निमिष.”

निमिष सरांनी डबा बाजूला सारला. ते काहीतरी बोलायला लागले, मग थांबून त्यांनी समोरचा लॅपटॉप बाईंकडे वळवला, माइक सुरू केला आणि सावकाश बोलले. ‘कुणाला बोललात मतलब सांगितलंत का’, बाईंनी वाचलं.

“तुलाच पहिल्यांदा सांगतेय.”

‘प्रिन्सिपल मॅडमकडे मी येतो तुमच्याबरोबर’, पुढची ओळ आली. ‘आणि कानाच्या डॉक्टरकडे तुम्ही काकांना घेऊन जा’.

प्रिन्सिपल मॅडमनी ऐकून घेतलं, डॉक्टरांचा कागद मागितला आणि वर्ग बाईंकडेच ठेवला. ते बाईंना वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. अवघड होतं ते वेगळंच.

शनिवारी दुपारी त्या छावणीबाहेरच्या वस्तीत प्रणालीचं घर शोधत गेल्या. भाड्याच्या दोन खोल्या होत्या. हणमंत ड्यूटीवर होता. प्रणालीची आई, गिरिजा, दारात बाईंना बघून गडबडली. तिने खुर्चीवरचे कपडे घाईघाईने उचलले.

“बसा मॅडम, बसा.” मग आतल्या खोलीकडे वळून ती मोठ्याने म्हणाली, “प्रणाली, मैडम को पानी देव.”

मुलीने पाणी आणून दिलं आणि ती आत निघून गेली. बाईंनी पेला हातात धरून विचारलं, “तुम्ही तिच्याशी हिंदीत बोलता?”

“व्हय की. तुम्हीच सांगितलं न्हवं का.”

“मी?”

“दिवाळीच्या आधी, मीटिंगला.” गिरिजाचा आवाज खणखणीत होता आणि ती समोरच बसली होती, त्यामुळे बाईंना शब्दन्‌शब्द कळत होता. “हॉलमधी लई गर्दी हुती बगा. मी हळूच इचारलं, आमी घरात गावाकडची भाषा बोलतो, त्यानं पोरगी वर्गात गप बसत आसंल का? हिंदीच बोलू का तिच्यासंगं? तवा तुम्ही मान हलवली. हसून.”

बाईंना ते आठवेना. त्या दिवशी त्यांच्यासमोर तीस-पस्तीस आया येऊन बसून गेल्या होत्या, आणि बाईंनी त्या सगळ्यांकडे बघून हसत मान हलवली होती.

“मला कुठं येतीया हिंदी?” गिरिजा सांगत होती. “भाजीवाल्यासंगं बोलून बोलून शिकले. तिचं पप्पा घरात नसले की दिसभर आमी दोघीच. मंग काय, ‘खाना खाव’, ‘सो जाव’. त्याच्या म्होरं मला जमतच न्हाई. खरं सांगू का मॅडम, हिंदीत मला तिला रागवाया बी येत न्हाई. लाड तर लांबच ऱ्हायलं.” ती हसली. “पर म्हनलं, पोरीचं भलं हुतंय तर सोसायचं. आता बोलती का ती वर्गात?”

बाईंनी पेला खाली ठेवला.

“गिरिजाताई, त्या दिवशी तुम्ही काय विचारलंत ते मला ऐकूच आलं नव्हतं.”

गिरिजाने पदर खांद्यावर ओढून घेतला.

“मला कमी ऐकू येतं. दोन वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं नाही. कळलं नाही की मी मान हलवायची. प्रणाली वर्गात बोलते. पहिल्या दिवसापासून रोज बोलत होती. मला ते ऐकू येत नव्हतं, आणि मी तिच्या प्रगतिपुस्तकात ‘बोलत नाही’ असं लिहून मोकळी झाले. तिच्या बोलण्यात काही चूक नव्हती. तुमच्याही नव्हती.”

गिरिजाने ‘असू द्या’ म्हटलं नाही. ती पदराने खुर्चीच्या हाताची कड पुसत राहिली. पुसायला तिथे काही नव्हतं. मग तिचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण शब्द बाईंना कळले.

“चार म्हयनं.”

“हो,” बाई म्हणाल्या.

गिरिजा उठली. “च्या टाकते,” असं मोठ्याने म्हणून ती स्वयंपाकाच्या ओट्याशी गेली. तिने गॅस पेटवला, पातेलं ठेवलं आणि तिकडूनच हाक मारली.

“पने! ए पने, हिकडं ये गं.”

ती हाक बाईंनाही ऐकू आली. प्रणाली आतल्या खोलीच्या दारात येऊन थबकली. तिने आईकडे पाहिलं आणि मग बाईंकडे, वर्गाबाहेर जाऊ का असं विचारताना पाहायची तशी.

“जा,” बाई म्हणाल्या.

मुलगी ओट्याशी गेली. गिरिजा खाली वाकली आणि तिच्या कानशिलावरचे केस मागे सारत काहीतरी बोलली. प्रणालीने एका शब्दात उत्तर दिलं. गिरिजा पुन्हा बोलली, या वेळी हात हलवत. आता मुलीचे ओठ हलायला लागले ते थांबेनात. ती आईचा पदर धरून, मध्येच पायाच्या चवड्यांवर उभी राहत, भराभर सांगत सुटली. किती दिवसांचं साठलेलं असेल कोण जाणे. गिरिजा तोंडावर हात ठेवून हसली, मग त्याच हाताने तिने डोळे पुसले.

रत्नमालाबाईंना त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. त्यांच्या पिशवीत शाळेचा लॅपटॉप होता. तो बाहेर काढायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

त्या दोघींच्या मागे पातेल्यातला चहा फुगत फुगत काठापर्यंत आला. बाईंनी हाक मारायला तोंड उघडलं. मग ते मिटलं, आणि त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या.