तक्रार नाही

“तुमच्यावर कोणी दबाव तर आणलेला नाही ना?” न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं.

“नाही, मॅडम.”

“डोळा कायमचा गेलाय तुमचा. तडजोडीच्या कागदावर सही करताना नीट विचार केला होता?”

“केला होता,” ड्रायव्हर म्हणाला.

सगळे त्याला अजून ड्रायव्हरच म्हणत. खरं तर तीन वर्षं तो डेपोतल्या चौकशीच्या खिडकीत बसत होता. त्याआधी बावीस वर्षं त्याने बस चालवली, पण कुणाच्या सायकलला साधा ओरखडा काढला नाही. मग एका सकाळी सामाईक अंगणात भिंत घालण्यावरून धाकट्या भावाशी वाजलं. धाकटा प्लंबर, कामावर निघालेला, हातात पान्हा. शब्दाने शब्द वाढला. ड्रायव्हरचा डावा डोळा गेला आणि त्याबरोबर स्टिअरिंगही सुटलं. धाकट्याला जामीन मिळाला तो एका अटीवर, भावाच्या घराकडे फिरकायचं नाही. तो बायकोला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला.

आई ड्रायव्हरकडेच राहिली. तिने कधी कुणाची बाजू घेतली नाही. गेल्या महिन्यात अंथरुणाला खिळल्यावर मात्र म्हणाली, “मिटव रे बाबा आता. एकदा बघू दे मला त्याला.”

ड्रायव्हरने बायकोकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघता? डोळा तुमचा गेलाय, आई तुमची आहे,” ती म्हणाली आणि आत निघून गेली.

त्याने सही केली. कोर्टाचा हुकूम होईपर्यंत अट कायम राहील, असं वकिलाने सांगितलं. वर म्हणाला, “पण तुम्हीच बोलावलंत तर कोण जाणार आहे कोर्टाला सांगायला?”

तरी ड्रायव्हरने बोलावलं नाही. तारीख होऊ दे, मग बघू, असं तो स्वतःला सांगत राहिला. सही झाली होती, पण मन अडून बसलं होतं.

आईच्या शेवटच्या दोन दिवसांत धाकटा घरासमोरच्या दवाखान्याच्या पायरीवर येऊन उभा राहायचा. ड्रायव्हर एकदा घराच्या खिडकीशी गेला तेव्हा दोघांची नजरानजर झाली. ड्रायव्हरने पडदा ओढून घेतला.

तारखेच्या आठ दिवस आधी आई गेली. अंत्यविधीला धाकटा आला, सगळ्यांच्या मागे उभा राहिला आणि निघून गेला.

आज सकाळी वकील हळूच म्हणाला होता, “आई तर आता राहिल्या नाहीत. अजूनही नको म्हणू शकता.” ड्रायव्हरने नकारार्थी मान हलवली होती.

“मग आता काही तक्रार उरलेली नाही?” न्यायाधीशबाईंनी शेवटचं विचारलं.

“माझी नाही,” ड्रायव्हर म्हणाला.

तडजोड मान्य, खटला निकाली. तीन वर्षांचं प्रकरण पाच मिनिटांत संपलं.

बाहेर व्हरांड्यात धाकटा थांबला होता.

“दादा.”

तीन वर्षांनी हाक आली होती.

“शेवटी आई काही बोलली का रे?”

झोपेतच गेली, असं सांगता आलं असतं. ड्रायव्हरने बाकाची पाठ घट्ट धरली.

“विचारत होती, आला का म्हणून. मी म्हटलं, निरोप धाडलाय, येतोच आहे.”

“मला कुठे निरोप आला?”

“धाडलाच नव्हता.”

धाकटा भिंतीकडे बघत राहिला.

“किती वेळा विचारलं तिने?”

“बोलता येत होतं तोवर विचारत होती.”

धाकटा जिन्याकडे वळला आणि कठड्याला धरत एकेक पायरी उतरत गेला. ड्रायव्हर बाकावर बसला. शिपायाने दारातून पुढच्या आरोपीचं नाव पुकारलं. ड्रायव्हर उठून उभा राहिला. नाव आपलं नव्हे हे कळायला त्याला जरा वेळ लागला.