हाताने केलेला नाच

"तुझ्याऐवजी मॅव्हिस वाजवेल," ध्वनिमुद्रक अर्नी म्हणाला आणि उगाचच यंत्राची बटणं पुसायला लागला.

लिटा मार्लो ध्वनिमुद्रणाच्या खोलीच्या दारातच थांबली. डाव्या गुडघ्याला जाड पट्टा, काखेत तळाला पत्रा ठोकलेले नाचाचे बूट. आत फळीवर विशीतली एक पोरगी अंग चोरून उभी होती. तिचा बिचारीचा काय दोष? बोलावलं म्हणून आली होती.

स्टुडिओतली रीतच अशी होती. नाच चित्रित होताना बुटांचा आवाज घ्यायचाच नाही. नंतर या बंद खोलीत पडद्याकडे बघत, लाकडी फळीवर तोच नाच पुन्हा करायचा आणि बुटांचा ठेका भरायचा. बऱ्याच नट्या या कामाला दुसऱ्याच कोणाला तरी पाठवत. लिटाने मात्र अठरा वर्षं स्वतःचे पाय कोणाला उसने दिले नव्हते. मागचे दोन सिनेमे तर गुडघ्यात सुई टोचून घेऊन नाचली आणि कोणाला पत्ता लागू दिला नाही. या सिनेमाचा शेवटचा नाच संपला आणि गुडघ्याने हातच टेकले. पाय जमिनीला लावू नका, असं डॉक्टरने बजावलं होतं. करारही याच सिनेमाबरोबर संपत होता. नवा करार कोणी काढला नव्हता, आणि आता गाण्या-नाचाचे सिनेमे चालत नाहीत म्हणे.

"राणी, हट्ट कशाला करतेस?" अर्नी समजुतीने म्हणाला. "थेटरात कोणाला कळणार आहे?"

"माझ्या आईला," लिटा म्हणाली.

ते खरंच होतं. पेनसिल्व्हानियातल्या ब्रॅडन क्रीक नावाच्या खाणगावात तिची युरोपातून आलेली आई राहायची, झुझाना हुदाक. नवरा खाणीत दगावला, पुढे साखरेच्या आजाराने डोळे गेले. तरी पोरीचा सिनेमा लागला की म्हातारी रुमालात पिरोही, म्हणजे तिकडच्या उकडलेल्या करंज्या, बांधून पहिल्या रांगेत हजर. दिसत काही नाही आणि इंग्रजी धड कळत नाही. मग ऐकायची काय? स्टुडिओने बेत्का हुदाकची लिटा मार्लो केली, दात बदलले, केस बदलले, बोलण्याची ढब घासून पुसून गुळगुळीत केली. गाणी तर पहिल्यापासून दुसरीच बाई गायची. आईच्या ओळखीचे उरले होते ते फक्त पाय. ते वाजले की म्हातारी शेजारणीला कोपराने ढोसून म्हणायची, ही बघ आमची बेत्का.

 लिटा सरळ फळीवर जाऊन बसली. रेशमी झग्याचा पार चोळामोळा झाला. मग तिने बूट हातांत घातले. उजव्या हातात उजवा, डाव्या हातात डावा.

अर्नीला हसू आवरेना. "अगं, स्टुडिओची राणी ना तू? रांगतेस काय?"

"रांगूनच मोठी झालेय मी. लाव पडदा."

पहिला प्रयत्न पार फसला. हातांना नाच कुठे ठाऊक? मनगटं वळेनात, टाच पडायची तिथे चवडा पडायचा. दुसऱ्यांदाही तेच झालं. अर्नी घड्याळाकडे बघायला लागला. तेव्हा मॅव्हिस पुढे आली, तिच्यासमोर गुडघे टेकून बसली आणि बुटांच्या नाड्या तिच्या मनगटांना घट्ट बांधल्या. मग हळू आवाजात एकेक पाऊल सांगत राहिली. दुपार कलली. लिटाच्या मनगटांची सालटी निघाली, घामाने डोळ्यांतलं काजळ गालांवर आलं. आणि एका खेपेला पडद्यावरचे पाय आणि फळीवरचे हात एक झाले ते शेवटपर्यंत सुटलेच नाहीत.

अर्नीने यंत्र बंद केलं. आता तो हसत नव्हता. मॅव्हिसने जाता जाता विचारलं, "मला शिकवाल का हो ताई, असं वाजवायला?" ताई म्हणाली ते लिटाला फार बरं वाटलं.

सिनेमा लागला तेव्हा ती गावी गेली आणि थेटरात आईच्या शेजारी बसली. गाणं आलं, आई पिरोही खात राहिली. शेवटचा नाच सुरू झाला आणि म्हातारीचा हात तोंडाशी थांबला. तिने मान तिरपी केली. लिटाचा जीव टांगणीला लागला. पडद्याकडे बघायचं सोडून ती आईच्या तोंडाकडे बघत होती.

नाच संपल्यावर आईने शेजारणीला कोपराने ढोसलं. "ही बघ आमची बेत्का." मग लेकीकडे वळून हळूच म्हणाली, "गुडघा बरा झाला वाटतं. मागच्या दोन्ही सिनेमांत डावा पाय ओढत होतीस."

गुडघ्याचं तिने आईला कधी कळवलंच नव्हतं. लिटाचे डोळे भरून आले.

"हो आई. बरा झाला," ती म्हणाली. "आणि आता मी इथेच राहणार आहे. अग्निशामकवाल्यांच्या हॉलमध्ये पोरींना नाच शिकवीन म्हणते."

"शिकव की," आई म्हणाली. "गावात पोरींना काय तोटा?"

दिवे लागले, दोघी उठल्या. बाहेरच्या पायऱ्यांवर सगळा गाव तिला बघायला उभा होता. लिटाने आईचा हात धरला. पहिल्या पायरीशी लेकीचा डावा पाय घासल्याचा आवाज आला, तशी म्हातारीने हात सोडवून घेतला, चाचपडत तिच्या डाव्या बाजूला आली आणि आपला खांदा पुढे केला. लिटाने त्यावर भार टाकला. आंधळ्या आईला किती जपून उतरवतेय बघा, लोक एकमेकांना म्हणत होते.