खांबावरची गोगलगाय

या, असे जवळ सरका. लांब बसून ही गोष्ट कानावर पडेल, पण काळजात उतरणार नाही. फ्रान्सातल्या आर्ल गावच्या ओनोरीनची गोष्ट सांगतो. तिला न्याय मिळाला की नाही, ते तुम्हीच ठरवा.

ऱ्होन नदीच्या काठच्या या गावात ओनोरीन एकतीस वर्षं पाहुण्यांना घेऊन हिंडली. आधी रोमनांचं रिंगण, मग पडक्या नाट्यगृहाचे उरलेले दोन खांब, मग मोठ्या चर्चमागची ओवरी आणि शेवटी झाडांखालची दगडी शवपेट्यांची वाट. उजवा पाय अधू, म्हणून तिची मंडळी सगळ्यांच्या मागे राहायची आणि सगळ्यांपेक्षा जास्त पाहायची.

नाट्यगृहाच्या त्या दोन खांबांना गाव ‘दोन विधवा’ म्हणतं. ओनोरीन आणि तिची मैत्रीण गिस्लेन दोघीही वाटाड्या, दोघीही नवरा गेलेल्या. बाकीचे वाटाडे थट्टा करायचे, “खांब जागेवर आहेत, विधवा जेवायला गेल्या!” दोघी हसायच्या. वीस वर्षांची मैत्री. थट्टेने थोडीच झिजते!

या वाटाड्यांचा एक अलिखित नेम होता. सनावळ्या सगळ्यांच्या, राजे आणि पोप सगळ्यांचे. पण ज्याची गोष्ट त्याची. दुसऱ्याची गोष्ट आपल्या तोंडी घालणं म्हणजे दानपेटीत हात घालणं.

ओनोरीनची एक गोष्ट मात्र तिने एकाही पाहुण्याला सांगितली नव्हती. तिचा नवरा आन्सेल्म पाथरवट. ओवरीतल्या एका खांबाची फुटकी कड त्याने नव्या दगडाने सांधली होती. सांधा साधाच ठेवायचा, नक्षी करायची नाही, अशी ताकीद होती. पण दगडातल्या जुन्या पानाखाली, नखाएवढ्या जागेत, त्याने एक गोगलगाय कोरली. लंगडत चालणाऱ्या बायकोला तो लाडाने ‘माझी गोगलगाय’ म्हणायचा ना! तो गेला त्याला सहा वर्षं झाली. त्याच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

रोज ओवरीत आली की ओनोरीन म्हणायची, “समोरच्या खांबावरचे संत पाहा बरं!” सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या की पाठीमागे हात नेऊन ती गोगलगाईवर बोट ठेवायची. देवाघरी नमस्कार पोचला, की पुढे निघायची.

गेल्या नोव्हेंबरात, सर्व संतांच्या दिवशी, आन्सेल्मच्या थडग्यावर शेवंतीची कुंडी ठेवताना तिला राहवलं नाही. तिने सोबत आलेल्या गिस्लेनला सगळं सांगितलं. गिस्लेनने छातीवर क्रूस काढला, डोळे पुसले. “माझ्या पोटात राहील गं,” म्हणाली.

एप्रिलात, मिस्त्राल नावाच्या तिथल्या बोचऱ्या वाऱ्यात डोक्यावरची टोपी धरत ओनोरीन मंडळींसह ओवरीत शिरली, आणि समोरून गिस्लेनचा खणखणीत आवाज आला.

“या, या, लाजू नका! बोट फिरवा, मनातली इच्छा मागा! पाथरवटाने ही गोगलगाय चोरून कोरली. कुणासाठी? तारास्कोंच्या एका पोरीसाठी! घरी बायको, आणि मन मात्र शेजारच्या गावात!”

तीसेक माणसं खदाखदा हसली. रांग लागली. गोगलगाईची पाठ बोटांनी गुळगुळीत होऊन चकाकत होती. म्हणजे हे आजचं नव्हतं.

गिस्लेनचा गट बाहेर पडेपर्यंत ओनोरीन भिंतीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, “गिस्लेन, तारास्कोंची पोरगी कोण?”

“अगं ओनोरीन! तू आज लवकर कशी?” गिस्लेन चपापली, पण सावरली. “कोणी नाही गं. बायकोसाठी कोरली म्हटलं की लोक जांभया देतात. दोनदा सांगून पाहिलं मी. आणि नाव कुठे घेतलं त्याचं?”

“माझी गोष्ट घेतलीस ती घेतलीस. वर त्याला बाहेरख्याली केलंस?”

“आता अर्धा फ्रान्स त्याच्या कामाला हात लावतो. तू तर पाठीमागे लपवून ठेवली होतीस! खरं तर माझे आभार मान.”

“थडग्यापाशी रडलीस ते कशासाठी?”

गटाला खूण म्हणून धरायची छत्री गिस्लेनने हातात उलट-सुलट केली. “तेव्हा खरंच रडू आलं होतं,” ती म्हणाली, आणि पुढच्या गटाला घ्यायला निघून गेली.

ओनोरीनच्या मंडळींमध्ये लील शहरातले एक निवृत्त पोस्टमन होते. “बाई, त्या प्रेयसीची गोगलगाय हीच का? माझ्या मेव्हणीने सांगितलंय, बघून ये म्हणून.”

गप्प राहिली असती तर गुपित गेलेलंच होतं, नवराही गेला असता. ओनोरीन पहिल्यांदा त्या खांबाकडे तोंड करून उभी राहिली. “प्रेयसी नव्हती, साहेब. बायको होती. मीच ती. पाय असा आहे म्हणून गोगलगाय.” मग सगळं सांगितलं, अगदी शेवटपर्यंत.

पोस्टमनने टोपी काढली. त्यांच्यामागे कुणीतरी बायकोच्या कानात कुजबुजलं, “ती दुसरी गोष्ट जास्त रंगते, नाही?” ओनोरीनला ते ऐकू आलं.

तिने त्या दिवशी शवपेट्यांची वाटही दाखवली, नेहमीच्याच चालीने. दोघी मैत्रिणी त्यानंतर एका बाकावर जेवल्या नाहीत. गिस्लेनची गोष्ट अजून चालू आहे, आणि अजून रंगते.

म्हणून म्हणतो मायबापहो, आर्लला गेलात तर त्या गोगलगाईला बोट लावू नका, बिचारी झिजत चाललीय. लांबूनच हात जोडा आणि आन्सेल्मची आठवण काढा. आणि तो कुणाचा होता असं कुणी विचारलं, तर ओनोरीनचा, एवढंच सांगा.