नाताळच्या पेटीची काच

डोकमर्डीच्या त्या चाळीत नाताळ कुणाच्याच घरचा नव्हता, पण चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात कावेरीच्या खोलीत येशूचा गोठा उभा राहत होता. तिची लेक कुसुम मिशनच्या शाळेत सातवीला. सिस्टरांनी फर्मान काढलं होतं: उथळ खोक्यात नाताळचा देखावा करा, पुढून काच लावा आणि एकही वस्तू विकत आणू नका. विकत न आणण्यात कावेरीचा हात कोण धरणार! वाण्याकडचं बिस्किटांचं खोकं, कारखान्यामागे फेकलेला सुताचा गुंता, आगकाड्या, फुटक्या बांगड्या, वाळवलेला चहाचा चोथा. जुन्या लुगड्याची मरियम तर डोक्यावर पदर घेऊन, थेट त्यांच्या गावची, धुळ्याकडची बाई होऊन बसली. राहिली होती फक्त काच.

शेजारणीने सांगितलं, एक्स-रे सोड्याच्या कढत पाण्यात टाक, घासला की आरपार दिसतो. एक्स-रे घरात दोन होते, एकाच पाकिटात. तिचा नवरा सुकदेव आठ वर्षं खडोलीला दगडाची पावडर दळायच्या कारखान्यात होता. आता चार पावलं चालला तरी त्याला धाप लागे. मालक म्हणत, हे दुखणं त्याने गावाहून आणलं. भरपाई तर सोडाच, खोकणाऱ्याला कामावरही घेईनात. मंगळवारी भरपाईच्या अर्जावर कामगार खात्याच्या साहेबांपुढे सुनावणी होती.

‘‘काचेला एक्स-रे घेऊ का एक?’’ तिने विचारलं.

सुकदेव चपला घालत होता. ‘‘नवा घे. डॉक्टर दुसरा काढून देईल. जुन्याला हात नको लावू. कामाला लागलो तवाचा आहे तो, छाती साफ होती माझी. तेवढाच पुरावा आहे आपल्याकडे.’’

तो युनियनच्या भगवंतला भेटायला अथालला गेला. कुसुम शाळेत होती. कावेरीने दोन्ही एक्स-रे दारातल्या उजेडात धरले. कोपऱ्यातली इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण त्यात वाचायचं काय होतं? एकात फासळ्यांच्या आत काळाकुट्ट अंधार. दुसऱ्यात पांढरं पांढरं, रव्यासारखं पसरलेलं. नवऱ्याच्या छातीत काय साचलंय ते तिला दिसलं.

तिने काळा एक्स-रे पाण्यात टाकला. इतका जोर लावून तिने कधी भांडंही घासलं नव्हतं. काळं पाणी मोरीतून वाहून गेलं तेव्हा तिला खरोखर बरं वाटलं. हातात राहिलं ते निळसर, स्वच्छ प्लास्टिक. खोक्याला चिकटवलं तसा आतल्या गोठ्यावर पहाटेचा उजेड पडला. मंगळवारी सकाळी कुसुमने पेटी मिरवत शाळेत नेली.

सुकदेव दुपारीच परतला. खाटेवर बसून तो बराच वेळ नुसता खोकत राहिला.

‘‘काय म्हणाले साहेब?’’

‘‘जुना एक्स-रे मागितला.’’ त्याने पाकिटातून पांढऱ्या ठिपक्यांचा एक्स-रे काढला. ‘‘हा नवा आहे.’’

‘‘असं कसं? नवा तर मी धुतला. काळा होता तो. हा तर पांढरा, साफ—’’

‘‘साफ छाती काळी दिसते, कावेरी. पांढरं दिसतं तो रोग.’’

कावेरी चपला शोधू लागली. ‘‘मी येते साहेबांकडे. सांगते माझ्या हातून झालं म्हणून.’’

‘‘भगवंतने तेच सांगून पाहिलं. साहेब हसले. मालकाचा माणूस म्हणाला, जुना एक्स-रे कधी नव्हताच. प्रकरणच निकाली काढलं त्यांनी.’’

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. स्वतःचे हात तोडून टाकावेत असं तिला झालं. ज्या हातांनी आठ वर्षं त्याचे पावडरीने माखलेले कपडे धुतले, त्याच हातांनी त्याचं निरोगीपण मोरीत ओतलं होतं.

बाहेर कुसुमचा आवाज आला. सुकदेव घाईने म्हणाला, ‘‘पोरीला सांगू नको. कधीच नको सांगू.’’

कुसुम धावतच आत शिरली. ‘‘आई, पहिला नंबर आला! चर्चमध्ये ठेवणारेत आपली पेटी! सगळ्यांनी काचेचंच विचारलं. बाबा, पुढच्या वर्षी सिस्टर मोठी करायला सांगणार आहेत. अजून एक्स-रे मिळतील ना?’’

‘‘मिळतील की,’’ सुकदेव म्हणाला. ‘‘आता पुष्कळ मिळतील.’’